वाफा, घाम आणि रात्रीची झोप: नागपुरातल्या एका घरच्या प्रकल्प नोंदी (मार्च ते नोव्हेंबर २०२४)

१० मार्च

मापाच्या वहीत पुढून गिऱ्हाइकांच्या ब्लाउजची मापं आहेत, आजपासून मागून माझ्या वाफा, म्हणजे पाळी जायच्या वयात अंगातून उठणाऱ्या गरमीच्या लाटा (हॉट फ्लश). वय ४८, काम घरीच शिवणाचं. पाळी वर्षभर पुढेमागे होत होती, जानेवारीपासून आलेलीच नाही. वाफा दिवाळीनंतर सुरू झाल्या. छातीपासून चढत मान, कान, कपाळ, दोन-तीन मिनिटं भट्टी, मग दरदरून घाम, आणि घाम वाळता वाळता हुडहुडी. दिवसा निभतं. रात्री मात्र अडीच-तीनला ओल्या गाऊनमध्ये जाग येते, उठून दिवा लावून कपडे बदलते, आणि मग झोप कसली. दुसऱ्या दिवशी कटिंगच्या टेबलावर डोळे मिटतात.

घरगुती उपाय जो तो सांगतो. पण किती पैसे गेले आणि नेमका किती फरक पडला, हे विचारलं की सगळ्या गप्प. म्हणून ही नोंद, माझ्यासारख्या बाकीच्यांसाठी. ठरवलं ते असं: आधी पंधरा दिवस काहीही न करता नुसतं मोजायचं, आणि नंतर एका वेळी एकच बदल करायचा.

वहीत रकाने: वेळ, आधी काय खाल्लं-केलं, जोर (नुसती वाफ / घाम / कपडे बदलावे लागले), आणि रात्रीची असेल तर परत झोप लागायला किती वेळ. हा शेवटचा रकाना मुलीनं सुचवला. मला वाटलं, कशाला? पुढे तोच सगळ्यात कामाचा निघाला.

१६ मार्च

डॉक्टरांकडे जाऊन आले. हे आधी करा, पावडरी नंतर. रात्री घाम येण्याची कारणं बरीच असतात. थायरॉईड जास्त चालत असेल तर येतो, टीबीत येतो, डायबेटिसची औषधं चालू असतील आणि रात्री साखर खाली गेली तर येतो. डॉक्टरबाईंनी ताप, खोकला, वजन उतरणं, छातीत धडधड हे सगळं विचारलं, मग टीएसएच (थायरॉईडची तपासणी), साखर आणि हिमोग्लोबिन. लॅबचं बिल ₹१,१५०. सगळं ठीक.

हार्मोनच्या गोळ्यांबद्दल त्यांनी स्पष्ट सांगितलं: वाफांवर त्याइतकं जोरदार दुसरं काही नाही, तुमच्या वयात आणि तब्येतीत देता येतील, पण स्तनाचा कॅन्सर झालेला असेल किंवा रक्ताच्या गाठी होत असतील तर नाही. मी म्हटलं, काही महिने घरचं करून बघते. त्या हो म्हणाल्या. एक ताकीद दिली: सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली म्हणायची, आणि त्यानंतर एक डाग जरी दिसला तरी थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

३१ मार्च

पंधरवड्याचा हिशोब. दिवसा साधारण सहा-सात, रात्री तीन-चार. पण रोज सारखं मुळीच नाही. एखाद्या दिवशी दोन, एखाद्या दिवशी दहाच्या वर. आता विचार करा, बाई उपाय कधी सुरू करते? दहाच्या दिवशी, कंटाळून. दुसऱ्या दिवशी आकडा आपोआप खाली येतो आणि श्रेय त्या डब्याला जातं. मोजल्याशिवाय हे कळत नाही.

माझ्या मुलीनं शोधून दिलेली एक गोष्ट इथे लिहून ठेवते. हार्मोनच्या औषधांच्या चाचण्यांचा एक मोठा एकत्रित आढावा २००४ साली निघाला. त्यात ज्या बायकांना औषध नसलेली नुसती गोळी दिली होती, त्यांच्याही वाफा सुमारे ५८ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. म्हणजे कशानंही निम्म्यावर येतात, पण काही दिवसांनी नुसत्या वाट बघण्यानंही येतात. पुढच्या सगळ्या नोंदी हे डोक्यात ठेवून वाचा.

खाण्याचं: रविवारचे तर्री पोहे दर वेळी पकडले गेले. सावजीचं तर विचारूच नका. चहाची गंमत वेगळी. तोच चहा जरा निववून घेतला की काही नाही, कढत घेतला की पाच मिनिटांत कान लाल. इस्त्रीची वेळ सगळ्यात वाईट.

७ एप्रिल

पहिला बदल: रात्रीचे कपडे. हा माझा धंदाच, तेव्हा इथे जरा सविस्तर.

आत्तापर्यंत घालत होते तो बाजारातला गाऊन. हाताला गार लागतो, म्हणून कॉटन समजून घेतला होता. धागा जाळून बघितला तर प्लास्टिकसारखी गोळी झाली. पॉलिएस्टर. घाम शोषत नाही, तो अंगावरच राहतो.

नवा शिवला रेयॉनचा, तीन मीटर, ₹३६०. फसला. रेयॉन पाणी भरपूर पितं, पण ओलं झालं की जड होतं, पाठीला चिकटतं आणि वाळायचं नाव घेत नाही. आधी नुसती ओली होत होते, आता गार ओली. घाम गेल्यावरची हुडहुडी उलट वाढली.

१५ एप्रिल

मलमल आणली. ₹१४० मीटर. दुकानदार म्हणाला, "आटलेलीच आहे ताई, बिनधास्त कापा." आटलेली नव्हती. पहिल्या धुण्यात लांबी दोन बोटं गेली आणि मुंढा (बाही जोडतो तो काखेचा भाग) काचायला लागला. तो टॉप मुलीला गेला. मलमल कोणी काहीही सांगितलं तरी रात्रभर पाण्यात घालून, वाळवून, मगच कापायची.

दुसरा नग असा केला: गाऊन नाहीच, दोन भाग. वर कुर्तीसारखा टॉप, खाली ढगळ पायजमा. घाम मला छाती-मान-पाठीवर येतो, पाय कोरडेच असतात, मग सगळं का बदलायचं? पुढून कंबरेपर्यंत उघडा, टिच बटणं (दाबून लागणारी) लावलेली, म्हणजे झोपेतच एका हातानं ओढून उघडता येतो. धातूची बटणं घामानं गंजतात आणि मलमलीवर डाग पडतो, म्हणून प्लास्टिकची. मुंढा नेहमीपेक्षा एक इंच खोल, काखेत चौकोनी तुकडा. कॉलर, लेस, अस्तर काही नाही.

असाच दुसरा टॉप खाटेच्या डोक्याशी खिळ्याला टांगलेला. अंधारात ओला काढायचा, कोरडा घालायचा, दिवा लावायचा नाही, उठायचं नाही.

२८ एप्रिल

रात्रीच्या वाफा तेवढ्याच, तीन-चार. पण परत झोप लागायचा वेळ तासावरून पंधरा-वीस मिनिटांवर. आकडा हलला नाही आणि तरी सकाळी माणसात असते. हे मला अपेक्षित नव्हतं.

गादीकडे लक्ष गेलं ते यातूनच. सासूबाईंच्या आजारपणात घेतलेलं पाणी न झिरपणारं आवरण अजून गादीवर होतं. वरून कापड, खालून प्लास्टिक. ते काढलं, खर्च शून्य. खाली फोमची गादी, तीही ऊब धरते. माळ्यावरची जुनी कापसाची गादी काढली आणि पिंजून घेतली, ₹९००. पिंजणारे काका म्हणाले, आता कोणी आणतच नाही. कापूस ओल धरतो, म्हणून आठवड्यातून एकदा गच्चीवर उन्हात टाकायची. नागपूरच्या एप्रिलमध्ये ऊन काय कमी आहे? उशीवर पंचा घालायचा, ओला झाला की उलटायचा.

१२ मे

कूलर काढला. वुडवूलच्या ताट्या बदलल्या, एका बाजूला वाळ्याची ताटी लावली. पंप जुनाच, साफ केला. ₹६५०.

दोन गोष्टी सांगते. कूलर खिडकीत असेल तर समोरची खिडकी किंवा दार बोटभर उघडं हवं, नाहीतर खोलीतच दमट हवा फिरत राहते. आणि झोत सरळ तोंडावर घेऊ नका. वाफ आली की बरं वाटतं, पण पाच मिनिटांनी हुडहुडी भरते तेव्हा तोच झोत नकोसा होतो. मी खाट फिरवून झोत पायांकडून घेतला. यांना थंडी वाजते, त्यांनी दुलई घेतली. मे महिन्यात नागपुरात दुलई घेऊन झोपलेला माणूस आमच्याच घरी असेल.

२६ मे

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. बाहेर दुपारी ४४-४५. वाटलं होतं आता हाल. पण वहीत उलटंच दिसतंय: दिवसा वाफा थोड्या जास्त, रात्री मात्र कूलरखाली मार्चपेक्षा बऱ्या. कारण हवा कोरडी आहे. घाम येतो आणि तिथल्या तिथे उडून जातो, कपडा ओला होतच नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलं इथे जुळलं. मेंदूत तापमान सांभाळणारा एक भाग असतो. त्याला थोडी गरमी, थोडी थंडी चालते, अंग तेवढ्यानं दचकत नाही. इस्ट्रोजेन, म्हणजे पाळी जाताना घटणारं बायकांचं हार्मोन, कमी झालं की ही सूट फार अरुंद होते. एरवी लक्षातही येणार नाही एवढं अंग तापलं तरी मेंदू समजतो की ही बाई उकडतेय, रक्तवाहिन्या उघडा, घाम सोडा. म्हणजे बाहेरचे ४५ अंश हे मूळ कारणच नाही. कढत चहा, जाड पांघरूण, इस्त्रीची वाफ एवढं पुरतं.

३१ मे

काल शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि सगळीकडे बोंब झाली. मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. माझाही तोच प्रकार आहे, फक्त खुलासा करायला खातं नाही.

९ जून

शतावरी कल्प. इतक्या जणींनी सांगितलं की न घेणं म्हणजे उद्धटपणा झाला असता. ₹३८० चा डबा, सकाळ-संध्याकाळ दोन चमचे दुधात. पहिल्या आठवड्यात कमाल. रात्री एक-दोनच. जाऊबाईंना फोन करून सांगितलंही.

३० जून

कमाल ओसरली. दुसऱ्या आठवड्यापासून हळूहळू परत तीनवर. दुसरा डबा आणून पुरा केला, फरक नाही. आणि डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं: त्यात बहुतेक साखरच. मधुमेह असणाऱ्यांनी हे आधी वाचावं. राहिलेला मुलगी दुधात घालून पिते, तिला चव आवडते.

अश्वगंधा मी घेतली नाही, त्याचं कारण लिहिते. माझ्याकडे शिवायला येणाऱ्या एक ताई थायरॉईडच्या गोळ्या घेतात. कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी अश्वगंधा सुरू केली. धडधड, हात थरथरायला लागले, वाफा दुप्पट. अश्वगंधेनं थायरॉईडचं हार्मोन वाढू शकतं, वरून गोळी चालूच. डॉक्टरांनी बंद करायला लावली. यकृताला त्रास झाल्याच्याही केसेस आहेत. झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार, असं म्हणणाऱ्यांना हे सांगत जा.

सब्जा, कोकम, अंबाडीचं सरबत, पन्हं सगळं चालू होतं. उन्हाळ्यात ते हवंच. वाफांच्या रकान्यात त्यानं काही हललं नाही.

१४ जुलै

सगळं कोसळलं. पाऊस लागला, हवा दमट, कूलर निकामी. पाणी चालू ठेवलं की अंथरूण ओलसर आणि ताट्यांना कुबट वास. घाम उडतच नाही. दोन टॉप पुरेनात, कारण धुतलेला दुसऱ्या रात्रीपर्यंत वाळत नाही. इस्त्रीनं वाळवायला गेले तर इस्त्रीच्या वाफेनं मला वाफ. असा तो फेरा.

जूनअखेर ते जुलैचा मध्य, वाया गेलेले दिवस. झोप परत मार्चसारखी, दोन ब्लाउजच्या बाह्या उलट्या लागल्या आणि उसवाव्या लागल्या.

२१ जुलै

केलेली दुरुस्ती: अजून दोन टॉप शिवले. कूलरचं पाणी बंद, टबातलं उपसून कोरडा केला, ताट्या उन्हं पडतील तशा वाळवल्या. टेबल फॅन खाटेच्या उंचीवर स्टुलावर, वरचा पंखा वेगळा. दमट हवेत वाऱ्याचा जोर हाच उपाय आहे. ओला रुमाल मानेवर ठेवण्याचा प्रयोग पावसाळ्यात करू नका, नुसतं चिकचिकतं. त्यापेक्षा उशाशी स्टीलच्या थर्मासमध्ये बर्फाचं पाणी, वाफ चढायला लागते त्या क्षणी दोन घोट. चढायच्या आधी, चढल्यावर नाही. टेबल फॅन ₹१,८५०, आत्तापर्यंतचा सगळ्यात मोठा खर्च.

४ ऑगस्ट

श्वासाचा व्यायाम जुलैभर केला. मिनिटाला सहा-सात संथ श्वास, सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं. सुरुवातीच्या लहान अभ्यासांत यानं वाफा कमी झाल्या होत्या, नंतर मोठ्या चाचण्यांत साध्या श्वासापेक्षा काही विशेष नाही असं निघालं. माझी वही मोठ्या चाचणीच्या बाजूची. आकडा तोच. पण गिऱ्हाइकाच्या अंगावर टाचण्या लावत असताना वाफ आली तर संथ श्वासानं हात थरथरत नाही. तेवढ्यासाठी ठेवलाय.

आता सोयाबीन. सासरचं शेत उमरेडकडे, आजूबाजूला नजर जाईल तिथवर सोयाबीन, आणि आमच्या घरात तेलाशिवाय कोणी ते खात नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये एक लहान अभ्यास निघाला. बारा आठवडे रोज अर्धा कप शिजवलेलं सोयाबीन आणि त्याबरोबर कमी तेलाचा, दूध-मांसाशिवायचा आहार. मध्यम ते तीव्र वाफा ८४ टक्क्यांनी कमी. आकडा मोठा, पण एकदम तीन गोष्टी बदललेल्या, त्यामुळे काम कुणी केलं हे कसं ओळखायचं?

फार महत्त्वाचं: पेरणीच्या पिशवीतून उरलेलं सोयाबीन खाऊ नका. त्याला बुरशीनाशक-कीटकनाशक लावलेलं असतं, रंगीत दिसतं. धुतलं तरी नाही. शेतातून घरी आलेलं किंवा किराण्यातलंच घ्या.

१८ ऑगस्ट

पहिली उसळ कोणी खाल्ली नाही. उग्र वास. जमलेली रीत: रात्रभर भिजत, सकाळी चोळून सालं काढायची, पाणी फेकायचं, दुसऱ्या पाण्यात मीठ घालून कुकरच्या सहा शिट्ट्या, मग कांदा-खोबरं-काळा मसाला. वांग्याच्या भाजीत टाकलं तर कळतही नाही. पूर्ण अर्धा कप एकदम सुरू केला तर पोटात गॅसचं रणकंदन. दोन चमच्यांपासून वाढवत जा. थायरॉईडची गोळी घेत असाल तर सोया आणि गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

जवसाचंही इथेच लिहिते. आमच्याकडे जवसाची चटणी असतेच. जवसावर २००७ मध्ये अमेरिकेत लहान अभ्यास झाला. रोज ४० ग्रॅम, सहा आठवडे, वाफा निम्म्यावर. सगळे खूश. मग त्याच लोकांनी मोठी चाचणी केली, एका गटाला जवसाची वडी, दुसऱ्याला जवस नसलेली तशीच वडी. २०१२ मध्ये निकाल: दोन्ही गट सारखेच सुधारले. शतावरीच्या पहिल्या आठवड्यात माझं जे झालं ते हेच. चटणी चालू आहे, भातावर तेल टाकून, औषध म्हणून नाही.

१३ सप्टेंबर

महालक्ष्म्या झाल्या. परवा पूजेचा स्वयंपाक: आंबील, पुरण, सोळा भाज्या, वडे, एका स्वयंपाकघरात पाच बायका आणि तीन शेगड्या. वाफांची मोजदाद त्या दिवशी सोडून दिली. जरीचं पातळ सकाळी पूजेपुरतं नेसले आणि मग सरळ सुती. तळणाचं काम धाकट्या जावेला दिलं, मी वाटण आणि पानं वाढणं घेतलं. इतकी वर्षं शेगडीपाशी मीच असायचे, ते सोडायला जरा जड गेलं.

मोठ्या आत्याबाई म्हणाल्या, "पोरी, होतेच हे, दोन वर्सात जाते." अमेरिकेत हजारो बायकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवून केलेल्या पाहणीत मधला आकडा ७.४ वर्षं निघाला. आत्याबाईंना सांगितलं नाही.

मोठ्या जाऊबाईंची गर्भाची पिशवी चौतिसाव्या वर्षी काढली होती, बरोबर अंडाशयंही. ऑपरेशननंतर काही दिवसांतच वाफा सुरू झाल्या, माझ्यापेक्षा कितीतरी जोरात, आणि कोणी कारणही सांगितलं नाही. त्यांना वाटायचं अंगात ताप मुरलाय. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये गाजल्या, तेव्हाही चर्चा ऑपरेशनची झाली. पुढे त्या बायका उसाच्या फडात या वाफा कशा काढत असतील, ते कोण विचारतं. चाळिशीच्या आत असं झालं असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, डॉक्टरांशी हार्मोनबद्दल बोला, हाडांचा प्रश्न असतो. जाऊबाईंना आता तेच करायला लावलंय.

२२ सप्टेंबर

सोयाचा हिशोब: दिवसाच्या वाफा सहा-सातवरून पाचच्या आसपास. पण पाऊसही उघडलाय. सोयाला अर्धे गुण.

आता जे सुरू केलंय ते खाण्या-पिण्याचं नाही. लंडनमध्ये केलेल्या एका चाचणीचा निकाल २०१२ साली आला. विचारांची सवय बदलण्याची पद्धत, ज्याला सीबीटी म्हणतात, ती गटात शिकवली काय किंवा पुस्तिका देऊन घरी करायला लावली काय, वाफांचा जाच दोन्ही गटांत स्पष्ट कमी झाला. जाच, आकडा नव्हे. माझ्या वहीतल्या शेवटच्या रकान्यासारखंच.

मी काय केलं: वाफ आली की त्या क्षणी मनात काय येतं ते तसंच्या तसं लिहिलं. "हिला वाटेल मी आजारी आहे." "ब्लाउजवर घामाचा थेंब पडेल." "आता रात्र गेली." मग प्रत्येकापुढे, खरंच तसं झालं का? थेंब पडला होता, एकदा, सिल्कवर. बाकी काही झालं नव्हतं. आता ट्रायलला आलेल्या मुलीला सरळ सांगते, "थांब गं, वाफ आली, दोन मिनिटं." परवा एकीनं पर्समधून बारीक पंखा काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "काकू, आईसाठी घेतलाय, ती लपवते." लपवण्यात घाम दुप्पट येतो, हे मी तिला सांगितलं आणि तिनं आईला फोनवर तिथल्या तिथे.

रात्रीचा भाग कठीण. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणात पडून राहायचं नाही, उठून कंटाळवाणं काहीतरी करायचं, झोप आली की परत. सकाळी उठायची वेळ एकच, दुपारची डुलकी बंद. मी साड्यांच्या फॉलचं हातकाम काढून बसते. पहिला आठवडा फार वाईट गेला, दिवसभर चिडचिड. यांनी दोन वेळा स्वतः चहा केला, यावरून समजा.

१८ ऑक्टोबर

आज जागतिक रजोनिवृत्ती दिन. मंडळात व्याख्यान होतं, चांगलं होतं. पण दारात टेबलावर पावडरचे डबे, ₹१,२०० एक. विकणाऱ्या बाईंना विचारलं, यात नेमकं काय? "सगळं नैसर्गिक आहे." धोतराही नैसर्गिक आहे.

अमेरिकेतल्या रजोनिवृत्ती संस्थेनं २०२३ मध्ये हार्मोनशिवायच्या उपायांची छाननी केली. वाफांसाठी शिफारस केली ती सीबीटी, संमोहन उपचार, वजन कमी करणं आणि डॉक्टरांनी द्यायच्या काही गोळ्या यांची. जडीबुटी, सोया, योगासनं, व्यायाम, श्वास, गारव्याचे उपाय, अ‍ॅक्युपंक्चर हे सगळं "शिफारस नाही" च्या यादीत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रागच आला, माझे टॉप आणि कूलर गारव्याच्या यादीत! पण ते वाफांच्या संख्येबद्दल आणि जोराबद्दल बोलतायत, आणि माझी वहीही तेच सांगते. वाफ थांबली नाही. ओल्या कपड्यात जागं राहणं थांबलं.

वजनाचं: चालणं मेपासून बंद होतं, पहाटे परत सुरू केलंय. दोन किलो उतरलेत. ऑक्टोबरचा उकाडा असूनही रात्रीचा आकडा दोन-तीन.

१७ नोव्हेंबर

थंडी सुरू. नवी भानगड. जाड पांघरूण घेतलं की वाफ, काढलं की हुडहुडी. एक जाड दुलई घेण्याऐवजी तीन पातळ थर केले: मलमलीची चादर, सुती चादर, वर गोधडी. पायांनी हवा तेवढा थर ढकलायचा. यांचं पांघरूण वेगळं, यावर दोन दिवस तोंड फुगलं होतं. स्वेटर घालून झोपू नका, घाम आला की काढता काढता पूर्ण जाग येते. मोजे मात्र चालतात.

पैशांचं. उपयोगी पडलं ते: मलमल चार टॉप आणि दोन पायजमे मिळून ₹१,४०० च्या आसपास, गादी ₹९००, ताट्या ₹६५०, पंखा ₹१,८५०, तपासण्या ₹१,१५०. वाया: रेयॉन ₹३६०, आटलेला टॉप, शतावरी ₹७६०. सोयाबीन घरचं. सीबीटीला वही आणि पेन.

२४ नोव्हेंबर

टॉपची मापं बऱ्याच जणींनी मागितली, म्हणून शेवटी देते. छाती ३८ साठी: मलमल ४४ इंच पन्ह्याची, टॉपला दोन मीटर, आधी भिजवून आटवलेली. उंची २८. छातीत नेहमीच्या चार इंचांऐवजी आठ इंच ढिलाई. मुंढा खोली साडेनऊ, काखेतला चौकोन चार बाय चार. गळा पुढे साडेसहा, मागे चार, पायपिंग त्याच कापडाच्या उरेब पट्टीचं. समोर टिच बटणं सहा, तीन-तीन इंचांवर, पट्टीखाली एकेरीच कापड. शिलाई आतून दुमडून घ्या, ओव्हरलॉक ओल्या त्वचेला टोचतं. बाही कोपरापर्यंतच, उलट्या हातानं कपाळ पुसायला तेवढी लागते.